सिनेटर बाप, गे मुलगा आणि मधली दोन वर्षं

रॉब पोर्टमन हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही आणि त्यात नवलही नाही, कारण हे गृहस्थ आरडाओरडा करून टीव्हीवर झळकणाऱ्यांतले कधीच नव्हते. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीचे, पेशाने वकील, १९९३ पासून तिथल्या संसदेच्या प्रतिनिधीगृहात, मग धाकट्या बुशच्या सरकारात आधी व्यापार प्रतिनिधी आणि नंतर बजेट खात्याचे प्रमुख, आणि जानेवारी २०११ ते जानेवारी २०२३ सिनेटर. रिपब्लिकन पक्षातला अभ्यासू, आकडे तोंडपाठ असलेला आणि खरं सांगायचं तर थोडा बोअर माणूस. पण मुलगा गे आहे, बाप कर्मठ पक्षात आहे, आणि घरातलं आणि पक्षातलं एकमेकांत अडकलंय अशी परिस्थिती नीट समजून घ्यायची असेल तर मला हेच प्रकरण सगळ्यात कामाचं वाटतं. बापाने काय केलं ते मतदानाच्या नोंदीत आहे, मुलावर काय गुजरलं ते त्याने स्वतः लिहून ठेवलंय, आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचलं की "बापाचं मन पालटलं आणि सगळं छान झालं" इतकी गोड गोष्ट उरत नाही.

आधीचा हिशोब

सुरुवात १९९६ पासून करावी लागते. त्या साली 'डिफेन्स ऑफ मॅरेज अ‍ॅक्ट' झाला, सगळे त्याला डोमा म्हणतात. त्यात दोन गोष्टी होत्या, एक म्हणजे केंद्र सरकारच्या लेखी लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक बाई एवढंच, त्यामुळे टॅक्स, पेन्शन, इमिग्रेशन कशातच समलिंगी जोडप्याला नवरा-बायकोसारखं धरायचं नाही, आणि दुसरी म्हणजे एका राज्यात असं लग्न लागलं तरी दुसऱ्या राज्यावर ते मानायची सक्ती नाही. गंमत अशी की तेव्हा देशातल्या एकाही राज्यात असं लग्न लागतच नव्हतं, हवाईत एक कोर्टकेस चालू होती तिची धास्ती घेऊन हा कायदा केला गेला. प्रतिनिधीगृहात ३४२ विरुद्ध ६७, सिनेटमध्ये ८५ विरुद्ध १४, आणि वर सही डेमोक्रॅट असलेल्या क्लिंटन यांची. पोर्टमननी नुसतं बाजूने मत दिलं असं नाही, विधेयकाच्या सहप्रस्तावकांत त्यांचं नाव होतं. (डेमोक्रॅट पक्षाचे जो बायडन आणि चक शूमर यांनीही तेव्हा बाजूनेच मत दिलं होतं. ही नावं लक्षात ठेवा, दोघंही पुढे परत येतात.)

१९९९ मध्ये राजधानी वॉशिंग्टनमधल्या समलिंगी जोडप्यांना मूल दत्तक घ्यायला बंदी घालायचा प्रस्ताव आला, तिथेही पोर्टमन बंदीच्या बाजूने. २००४ मध्ये ओहायोच्या मतदारांनी राज्याच्या घटनेतच समलिंगी लग्नावर बंदी घातली, साधारण ६२ टक्के मतांनी, आणि त्याच दिवशी त्याच राज्याच्या जोरावर बुश दुसऱ्यांदा निवडून आले. म्हणजे हा मुद्दा तिथे मतं खेचणारा होता, आणि पोर्टमन यांचा मधला मुलगा विल तेव्हा त्याच राज्यात शाळेत जात होता.

घरात राजकारणाची देवाणघेवाण मात्र जुनीच. बायको जेन मूळची डेमोक्रॅट, त्या पक्षाच्या टॉम डॅशल यांच्याकडे काम केलेली, आणि लग्नाच्या वेळी दोघांत ठरलं ते असं की तिने रिपब्लिकन व्हायचं आणि त्यांनी तिच्या मेथॉडिस्ट चर्चमध्ये यायचं. हा किस्सा पोर्टमन हसत हसत सांगायचे. मला तो नुसता किस्सा वाटत नाही, या घरात मत हे देवघेवीत बसणारी गोष्ट आहे, अगदी धर्मसुद्धा, हे त्यातून कळतं.

पत्र

विल २०१० मध्ये येल युनिव्हर्सिटीत गेला. पहिल्या वर्षीच्या नाताळच्या सुट्टीत घरी आला तेव्हा आईबाबांना सांगायचं असं त्याने ठरवलं होतं, पण समोरासमोर तोंडातून शब्द फुटेना आणि सुट्टी संपली. मग फेब्रुवारी २०११ मध्ये त्याने लायब्ररीतला एक कोपरा धरला, बसून पत्र लिहिलं, मनासारखं झाल्यावर दुसऱ्या दिवशी पोचेल अशा टपालाने घरी पाठवून दिलं आणि वाट बघत बसला. फोन नाही, ईमेल नाही, कागदावरचं पत्र, तेही एकविसाव्या शतकातल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराने. पण विचार केला तर यात शहाणपण आहे, पत्रात समोरच्याचा चेहरा बघावा लागत नाही आणि समोरच्यालाही आपला पहिला चेहरा दाखवावा लागत नाही, रडायचं असेल चिडायचं असेल ते त्याने त्याच्या जागी करावं आणि मग फोन उचलावा.

पत्र हातात पडल्या पडल्या आईबाबांनी फोन केला. त्यांना अजिबात कल्पना नव्हती, प्रश्न ढीगभर होते, पण पाठीशी मात्र ठाम उभे राहिले असं विलने नंतर लिहिलं. बाप सिनेटर होऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते.

इथे बऱ्याच घरांतली गोष्ट संपते, किंवा फाटते. पोर्टमन यांच्या घरात फाटलं नाही. अडचण वेगळीच होती, घरात सगळं ठीक आणि बाहेर बापाचं अधिकृत मत जिथल्या तिथे, की आपल्या मुलाला लग्नाचा हक्क नसावा.

दोन वर्षं

मे २०११. मिशिगन युनिव्हर्सिटीच्या लॉ स्कूलने पदवीदान समारंभाला पोर्टमनना पाहुणे म्हणून बोलावलं, ते तिथलेच माजी विद्यार्थी. त्यांचं समलिंगी लग्नाबद्दलचं रेकॉर्ड बघून विद्यार्थ्यांनी आधीच विरोध केला होता, आणि ते बोलायला उभे राहिल्यावर बरेच विद्यार्थी उठून बाहेर गेले. पत्र येऊन तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. उठून जाणाऱ्यांना ते माहीत असायचं कारण नाही, आणि स्टेजवरच्या माणसाला ते सांगायची सोय नाही. सांगितलं असतं तर ती बातमी झाली असती, आणि बातमी बापाची नाही मुलाची झाली असती.

मग २०१२. अध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार मिट रॉम्नी यांना उपाध्यक्षपदासाठी जोडीदार हवा होता आणि पोर्टमन अगदी वरच्या यादीत. अशा वेळी उमेदवाराची झाडाझडती होते, घरातलं काहीच लपवता येत नाही. पोर्टमननी रॉम्नींच्या लोकांना सरळ सांगितलं की मुलगा गे आहे, आम्हाला त्याचा अभिमान आहे, आणि प्रचारात हे आम्ही लपवणार नाही. शेवटी निवड पॉल रायन यांची झाली, आणि मुलाचं कारण त्यामागे नव्हतं असं पोर्टमननी पुढे स्पष्ट केलं. विलने मात्र प्रामाणिकपणे लिहिलंय की बाबांची निवड झाली नाही तेव्हा हायसं वाटलं. वडिलांचं करिअर एक पायरी वर चढलं नाही म्हणून पोराचा जीव भांड्यात पडतो, यावरून त्या घरातला ताण कुठे साठला होता ते समजतं.

आता मुख्य मुद्दा. लोक विचारतात की फेब्रुवारी २०११ मध्ये कळलं तर मार्च २०१३ पर्यंत गप्प का बसले? सरळ उत्तर म्हणजे राजकीय भीती, आणि ती नव्हती असं मी अजिबात म्हणणार नाही. पण विलने दिलेलं उत्तर जास्त गुंतागुंतीचं आहे आणि मला ते पटतं. त्याच्या म्हणण्यानुसार एक तर बाबांना विचार करायला वेळ लागला, आणि दुसरं म्हणजे तो स्वतःच तयार नव्हता. घरात ठरलेलं होतं की बाबांनी मत बदललं तर कारण खरं सांगायचं, मुलगा गे आहे हेच कारण सांगायचं, दुसरं काही सांगणं खोटेपणा झाला असता. म्हणजे बापाने मत बदलायचं तर मुलाचं गुपित देशभर उघडं करावं लागणार. एका बाजूने तोच बाबांच्या मागे लागला होता की मत बदला, आणि दुसऱ्या बाजूने त्यालाच धडकी भरलेली की जी गोष्ट इतकी वर्षं कुणालाच ठाऊक नव्हती ती एका दिवसात प्रत्येकाला आपल्याबद्दल ठाऊक असलेली एकमेव गोष्ट होणार.

टीका करणारे आणि कौतुक करणारे दोघंही हे सोडून देतात. बापाचं मत बदलण्याची किंमत बापाने मतांत मोजली असेल नसेल, मुलाने मात्र ती आधीच मोजली होती, स्वतःच्या खासगीपणात, आणि तेही विसाव्या-एकविसाव्या वर्षी.

जाहीर

१५ मार्च २०१३ ला कोलंबस डिस्पॅच या ओहायोतल्या पेपरात पोर्टमन यांचा लेख आला, त्याच सुमारास टीव्हीवर मुलाखत दिली. वेळ निवडलेली होती, कारण सुप्रीम कोर्टात डोमा आणि कॅलिफोर्नियातल्या बंदीवर २६ आणि २७ मार्चला सुनावणी होती. सिनेटमध्ये बसलेल्या रिपब्लिकनांपैकी समलिंगी लग्नाला उघड पाठिंबा देणारे ते त्या दिवशी एकटेच. त्याआधी त्यांनी धाकट्या बुशचे उपाध्यक्ष राहिलेले डिक चेनी यांना विचारलं होतं, त्यांची मुलगीही समलिंगी, आणि चेनींनी सल्ला दिला की मनाला पटेल ते कर.

लेखातलं त्यांचं म्हणणं लक्ष देऊन वाचण्यासारखं आहे. मी आता उदारमतवादी झालो असं ते कुठेही म्हणत नाहीत. बायबलमध्ये प्रेम आणि करुणा हा गाभा आहे, आपण सगळी देवाचीच लेकरं, आणि जेनबरोबर इतकी वर्षं मला जो संसार मिळाला तसा विललाही मिळावा, त्याच्या भावंडांना मिळू शकतो तसा. वर ही जोड की कुटुंब टिकावं आणि सरकारने लोकांच्या आयुष्यात कमी लुडबूड करावी असं मानणाऱ्याला लग्नाची भीती कशाला. ब्रिटनचे डेव्हिड कॅमेरन हाच धागा वापरत होते. आपल्या घरांत अशा वादात जे कायम फसतं ते इथे चाललं, बापाने मुलाच्या पक्षात उडी मारली नाही, स्वतःच्याच देवाच्या आणि पक्षाच्या भाषेत मुलासाठी जागा केली.

पण त्याच लेखात एक पाचर होती. हे कोर्टाने लादू नये, राज्यांनी आणि मतदारांनी ठरवावं, असंही त्यांनी लिहिलं. (हा युक्तिवाद आपल्याला ओळखीचा आहे, १७ ऑक्टोबर २०२३ ला आपल्या सुप्रीम कोर्टाने हा विषय संसदेकडेच टोलवला, आणि त्याआधी २०२२ मध्ये सुप्रिया सुळे यांनी मांडलेलं खासगी विधेयक तिथेच पडून होतं.) ओहायोतल्या गे जोडप्याने हे वाचून काय समजायचं? ज्या मतदारांनी ६२ टक्क्यांनी बंदी घातली त्यांचं मन वळेपर्यंत थांबा?

"ज्याचं जळतं त्याला कळतं"

टीका लगेच सुरू झाली आणि ती दोन्हीकडून. पारंपरिक लग्नवाल्या संघटनांनी पुढच्या निवडणुकीत पाडायची भाषा केली, सिनसिनाटीच्या शेजारच्याच मतदारसंघातले सभापती जॉन बेनर म्हणाले की माझं मत बदलेल असं मला वाटत नाही. डावीकडून मात्र जास्त टोचणारी टीका आली, की स्वतःच्या मुलावर आलं तेव्हा जाग आली, मग ज्यांचा बाप सिनेटर नाही त्यांचं काय, गरिबांचं, विमा नसलेल्यांचं काय, त्यांची पोरं यांच्या घरात जन्माला येणार आहेत का?

ही टीका मला अर्धीच बरोबर वाटते. बरोबर यासाठी की हो, बाकी विषयांत पोर्टमन जराही हलले नाहीत, गर्भपात, टॅक्स, न्यायाधीश, सगळीकडे पक्षाची लाईन. अर्धी यासाठी की घरात गे मूल असलं की मत आपोआप बदलतं हे गृहीतकच खोटं आहे. त्याच सुमारास अ‍ॅरिझोनाचे रिपब्लिकन खासदार मॅट सॅमन म्हणाले की मुलगा गे आहे, त्याच्यावर माझं प्रेम आहे, पण लग्नाबाबत माझं मत तेच. जुलै २०२२ मध्ये पेनसिल्वेनियाचे ग्लेन थॉम्पसन यांनी समलिंगी लग्नाला संरक्षण देणाऱ्या विधेयकाविरुद्ध मत दिलं आणि तीनच दिवसांनी स्वतःच्या गे मुलाच्या लग्नाला हजर राहिले. हे वाचून मी बराच वेळ विचारात पडलो होतो, कारण तो बाप दुष्ट आहे असंही म्हणता येत नाही, लग्नाला तर आला, हौसेने आला असेल, फक्त मत मात्र विरोधात. चेनींच्या घरात तर २०१३ च्या शेवटी दोन बहिणींत जाहीर भांडण झालं, लिझ चेनींनी निवडणुकीसाठी समलिंगी लग्नाला विरोध सांगितला आणि लग्न झालेल्या मेरी चेनींनी तिला सगळ्यांसमोर चूक म्हटलं, लिझनी माझं चुकलं म्हणायला २०२१ उजाडलं. म्हणजे जळतं सगळ्यांचं, कळतं थोड्यांना, आणि त्यातून हात उचलून मत देणारे अजून थोडे.

पुढची नऊ वर्षं

२०१३ च्या नोव्हेंबरात नोकरीत समलिंगी लोकांशी भेदभाव करू नये असं विधेयक सिनेटमध्ये ६४ विरुद्ध ३२ ने पास झालं, बाजूने मत देणाऱ्या दहा रिपब्लिकनांत पोर्टमन होते, धार्मिक संस्थांसाठी एक दुरुस्तीही त्यांनी घालून घेतली. प्रतिनिधीगृहाने ते विधेयक पुढे घेतलंच नाही. २०१६ मध्ये पक्षांतर्गत निवडणुकीत ८० टक्क्यांहून जास्त मतं मिळवून ते आरामात पुन्हा निवडून आले, म्हणजे ज्या शिक्षेची सगळ्यांना धास्ती होती ती झालीच नाही.

दरम्यान लग्नाचा प्रश्न सोडवला तो कोर्टानेच, आणि तोही पोर्टमन यांच्याच गावातल्या माणसाच्या केसमुळे. सिनसिनाटीचे जिम ओबर्गेफेल, त्यांचे जोडीदार जॉन आर्थर एएलएस या स्नायू निकामी करणाऱ्या आजाराने अंथरुणाला खिळलेले. ओहायोत लग्न लागत नाही म्हणून जुलै २०१३ मध्ये मेडिकल विमान करून मेरीलँड राज्यातल्या बाल्टिमोरला गेले, विमानतळावरच विमानात लग्न लावलं आणि परत आले. आर्थर त्याच वर्षी ऑक्टोबरात गेले. भांडण कशावरून, तर मृत्यूच्या दाखल्यावर जोडीदार म्हणून नाव लिहायचं की नाही यावरून, कारण ओहायो मेरीलँडमधलं लग्न मानायलाच तयार नव्हतं. २६ जून २०१५ ला सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने ओबर्गेफेल यांच्या बाजूने निकाल दिला आणि देशभर समलिंगी लग्न कायदेशीर झालं. मतदारांचं मन वळायची वाट बघितली असती तर दाखल्यावरची ती ओळ किती वर्षं कोरी राहिली असती कोण जाणे.

आणि मग उलटा फेरा. गोर्सच, कॅव्हनॉ, बॅरेट या सुप्रीम कोर्टाच्या तिन्ही न्यायाधीशांच्या नेमणुकीला पोर्टमन यांनी होकार दिला. हे तिघंही २४ जून २०२२ ला गर्भपाताचा हक्क काढून घेणाऱ्या बहुमतात होते. बाकीचे हक्क याने धोक्यात येत नाहीत असं त्या निकालात म्हटलं होतं खरं, पण न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी वेगळं टिपण लिहून ओबर्गेफेलचाही फेरविचार व्हावा असं सुचवलं आणि लाखो जोडप्यांच्या पोटात गोळा आला. स्वतःच्या मताने बसवलेल्या कोर्टाची धास्ती स्वतःच्याच मुलासारख्या लोकांना, हा पेच पोर्टमन यांच्या वाट्याला आला, आणि त्यांनी त्यावर जाहीरपणे फार चर्चा केली नाही. कामाला मात्र लागले.

समलिंगी लग्नाला कायद्याचं संरक्षण देणारा 'रिस्पेक्ट फॉर मॅरेज अ‍ॅक्ट' जुलैत प्रतिनिधीगृहात २६७ विरुद्ध १५७ ने पास झाला होता, पण सिनेटमध्ये ६० मतं लागतात आणि डेमोक्रॅट ५०, म्हणजे निदान दहा रिपब्लिकन गोळा करणं आलं. विस्कॉन्सिनच्या टॅमी बाल्डविन, ज्या स्वतः उघडपणे समलिंगी आहेत, त्यांच्याबरोबर सुझन कॉलिन्स, कर्स्टन सिनेमा, थॉम टिलिस आणि पोर्टमन असे पाच जण बसले, धार्मिक संस्थांना असा समारंभ करायची सक्ती नाही वगैरे कलमं घातली, निवडणूक होईपर्यंत मतदान पुढे ढकललं आणि एकेका सहकाऱ्याला गाठून मोजदाद केली. २९ नोव्हेंबरला ६१ विरुद्ध ३६, बारा रिपब्लिकन बाजूने, आणि त्या बारांत मिट रॉम्नीसुद्धा. शूमर त्या दिवशी मुद्दाम आपल्या मुलीच्या लग्नात घातलेला टाय घालून आले होते, तिने एका मुलीशी लग्न केलं होतं. १३ डिसेंबरला सही केली बायडन यांनी. डोमाच्या बाजूने मत दिलेल्या तिघा माणसांनी २६ वर्षांनी मिळून डोमा पुस्तकातून पुसला.

यातही एक खोच आहेच. पोर्टमन यांनी पुन्हा उभं राहणार नाही असं २०२१ मध्येच जाहीर केलं होतं, महिन्याभरात सिनेट सोडणार होते, मतदारांना तोंड दाखवायचं नव्हतं. पण मला विचाराल तर २०१३ च्या लेखापेक्षा २०२२ ची ही मोजदादच जास्त वजनाची, लेखाने घरातला प्रश्न मिटला होता, मोजदादीने ज्यांना ते कधी भेटणारही नाहीत अशा लोकांचा मिटला.

त्यांची खुर्ची जानेवारी २०२३ मध्ये जे. डी. व्हान्स यांच्याकडे गेली. ओहायोच्या घटनेतली २००४ ची बंदी कागदावर अजून तशीच आहे, ओबर्गेफेल निकाल आहे तोवर ती निकामी. तो निकाल कधी फिरलाच तर नवा कायदा ओहायोला स्वतःच्या हद्दीत अशी लग्नं लावायला भाग पाडू शकत नाही, तेवढी त्याची ताकद नाही. पण जोडप्याने गाडी काढून इलिनॉयला जाऊन लग्न लावलं आणि परत आलं तर ओहायोला ते मानावं लागेल, दाखल्यावर जोडीदाराचं नाव लिहावं लागेल.